शिसपेन्सिल आणि पेट्रोल

गेल्या रविवारी ताईकडे गेलो होतो. भाचीचा गृहपाठ चालू होता. म्हणजे गृहपाठ समोर पडला होता आणि ती पेन्सिलीचं मागचं टोक चघळत बसली होती. ताई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "तोंडातून काढ ती पेन्सिल, शिसं असतं त्यात!"

मी सवयीने तोंड घातलं. म्हटलं, शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. म्हणजे कार्बन. कोळशाचा भाऊ. भाचीने पेन्सिल निरखून पाहिली आणि विचारलं, "मग मामा, खोटं नाव का ठेवलं?"

प्रश्न बरोबर होता. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल भागात एक काळा, मऊ, कागदावर रेघ उमटवणारा दगड सापडला. लोकांना वाटलं हा शिशाचाच काहीतरी प्रकार. पुढे १७७९ मध्ये शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा कार्बन आहे. पण तोवर नाव चिकटलं होतं. इंग्रजीत चिकटलं आणि तिथून आपल्याकडे 'शिसपेन्सिल' म्हणून आलं.

गंमत म्हणजे कार्बन आणि शिसं खरोखरच नात्यातले आहेत. अकरावी-बारावीत आवर्त सारणी पाठ केली असेल तर चौदावा गण आठवा: कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, कथील, शिसं. वरपासून खालपर्यंत एकच उभी रांग. कार्बनवर आपण सगळे जिवंत आहोत, सिलिकॉनवर माझा पगार होतो, कथलाची कल्हई आजीच्या पितळी पातेल्यांना असायची, आणि तळाशी शिसं. पेन्सिलीच्या नावात रांगेतला शेवटचा आहे आणि आत पहिला.

भाचीला एवढं सांगून मी सुटलो. पण घरी येताना सिग्नलला बाइकवर थांबलो होतो तेव्हा याच्या बरोबर उलटी गोष्ट आठवली. एक वस्तू अशी होती की जिच्यात खरोखर शिसं होतं, आणि नावातून मात्र ते काळजीपूर्वक काढून टाकलं होतं. ती वस्तू जवळजवळ शंभर वर्षं जगभरच्या पेट्रोल पंपांवर विकली गेली. आज तिच्याबद्दल लिहितोय.

खटखट

१९१०-२० च्या सुमारास अमेरिकेत मोटारी धडाधड विकल्या जात होत्या आणि सगळ्या इंजिनांना एकच रोग होता: नॉकिंग. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, ठिणगी पडते, आणि ज्योत एका बाजूने शिस्तीत पसरत जायला हवी. पण दाब जास्त झाला की ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपलं आपण पेटतं. मग इंजिनातून हातोडी मारल्यासारखा खटखट आवाज येतो, ताकद वाया जाते, पिस्टनची वाट लागते. जास्त ताकद हवी तर जास्त दाब हवा, आणि जास्त दाब म्हणजे खटखट. गाडी अडली ती इथे.

जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात चार्ल्स केटरिंग नावाचे प्रमुख होते आणि त्यांच्या हाताखाली टॉमस मिजली. मिजली मेकॅनिकल इंजिनियर, रसायनशास्त्र कामापुरतं शिकलेला. (आमच्यातलाच म्हणायचा.) १९१६ पासून तो हाताला लागेल ते पेट्रोलमध्ये घालून बघत होता. आयोडीन चाललं, पण महाग आणि इंजिन गंजवणारं. मग ॲनिलिन. मग सेलेनियम आणि टेल्युरियम. टेल्युरियम झकास चालायचं, पण त्याचा लसणासारखा घाण वास अंगाला आणि कपड्यांना असा लागायचा की धुऊनही जात नसे.

इथे मिजलीने खरोखर हुशारी केली. अंदाजपंचे शोधणं सोडून त्याने आवर्त सारणी समोर ठेवली आणि कुठलं मूलद्रव्य किती उपयोगी पडतं ते तिच्यावर मांडलं. एक सूत्र दिसलं: रांगेत जितकं खाली जावं तितका परिणाम जास्त. कार्बनच्या रांगेत कथलाचं संयुग चांगलं चाललं. मग कथलाच्या खाली काय? शिसं. ९ डिसेंबर १९२१ ला त्यांनी टेट्राएथिल लेड इंजिनात घालून पाहिलं आणि खटखट थांबली. एका गॅलनला चमचाभरही लागत नव्हतं.

हे का चाललं ते समजून घेण्यासारखं आहे. या रांगेतल्या सगळ्यांना चार हात. कार्बन चार हातांनी चार हायड्रोजन धरतो तो मिथेन. तसंच शिसं चार हातांनी चार एथिल गट धरतं ते टेट्राएथिल लेड. पण रांगेत खाली जावं तशी हातांची पकड सैल होत जाते. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, शिसं-कार्बन बंधाला त्याच्या निम्मीसुद्धा लागत नाही. त्यामुळे हा द्रव पेट्रोलमध्ये सहज विरघळतो, बाटलीत शांत बसतो, आणि इंजिनाच्या उष्णतेत पटकन तुटतो. सुटलेल्या शिशाचे ऑक्साइडचे बारीक कण बनतात आणि अवेळी पेट घेणाऱ्या साखळी प्रक्रियेची मधली कडी गिळून टाकतात. स्फोट होत नाही, ज्योत शिस्तीत जाते.

पण मग हे कण इंजिनातच साचायला लागले. स्पार्क प्लग, व्हॉल्व्ह, सगळीकडे शिशाचा थर. त्यावर उपाय निघाला की सोबत ब्रोमीनचं संयुग घालायचं. त्याने शिशाचं ब्रोमाइड बनतं, ते उष्णतेत वाफ होतं आणि सायलेन्सरमधून बाहेर जातं. इंजिन स्वच्छ. बग क्लोज. शिसं बाहेर जाऊन पुढे कुठे बसतं हा प्रश्न तिकिटात नव्हताच. मी स्वतः असे बग क्लोज केलेत, म्हणून हा भाग वाचताना जरा चपापलो होतो.

आणखी एक गोष्ट. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं हे मिजली आणि केटरिंग दोघांनाही पक्कं माहीत होतं. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो, त्यावर मालकी कोण सांगणार? शिवाय ते भरपूर घालावं लागतं. टेट्राएथिल लेडचा असा वापर मात्र पेटंट करता येत होता. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन गावात पहिल्यांदा ते पंपावर विकलं गेलं. नाव ठेवलं 'एथिल'. 'लेड' हा शब्द गाळला. शिसं विषारी आहे हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं, रोमन काळापासून माहीत होतं.

वेडाचा वायू

ऑक्टोबर १९२४. न्यू जर्सीमधल्या स्टँडर्ड ऑइलच्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागायला लागले. काही दिवसांत पाच जण मेले, तिसाहून जास्त जण दवाखान्यात गेले. कामगार त्या इमारतीला आधीपासूनच वेड्यांच्या वायूची इमारत म्हणत होते. डेटनला आणि ड्युपाँच्या डीपवॉटर कारखान्यातही माणसं गेली. डीपवॉटरच्या विभागाला नाव पडलं होतं फुलपाखरांचं घर, कारण तिथे काम करणारे लोक हवेत नसलेले किडे हाताने झटकत बसायचे.

३० ऑक्टोबरला मिजलीने पत्रकारांसमोर टेट्राएथिल लेड हातावर ओतून घेतलं आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला. बघा, मला काही झालं का? पण १९२३ च्या सुरुवातीला हाच मिजली शिशाच्या बाधेमुळे कामावरून रजा घेऊन फ्लोरिडाला हवापालटासाठी गेला होता. ते त्याने तिथे सांगितलं नाही.

गवगवा झाला, न्यूयॉर्कसकट काही ठिकाणी विक्री बंद झाली. मे १९२५ मध्ये सरकारने वॉशिंग्टनला एक परिषद बोलावली. एका बाजूला हार्वर्डच्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि येलचे यांडेल हेंडरसन. त्यांचं म्हणणं, कारखान्यातले मृत्यू ही छोटी गोष्ट आहे. खरा धोका रस्त्यावर आहे, थोडं थोडं, रोज, सगळ्यांना. दुसऱ्या बाजूला कंपन्या. त्यांच्यापैकी एकाने या रसायनाला देवाची देणगी म्हटलं. सरकारी समितीने काही महिने तपासणी केली आणि १९२६ मध्ये सांगितलं की बंदी घालण्याइतका पुरावा नाही, मात्र पुढे अभ्यास चालू ठेवावा.

तो पुढचा अभ्यास सरकारने केला नाही. केला तो रॉबर्ट कीहो या डॉक्टरने, सिनसिनाटीच्या प्रयोगशाळेत, आणि पैसे दिले एथिल, जनरल मोटर्स आणि ड्युपाँ यांनी. पुढची चाळीस वर्षं अमेरिकेत शिशाबद्दल काहीही विचारायचं तर कीहोंनाच विचारायचं अशी परिस्थिती होती.

नॉर्मल म्हणजे काय?

मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त रस कीहोंमध्ये आहे. ते कुणी सिनेमातले खलनायक नव्हते. आकडे गोळा करणारे, शिस्तीचे शास्त्रज्ञ होते. त्यांचा नियम साधा होता: नुकसान होतंय हे दाखवा, आम्ही बंद करू. दाखवता येत नसेल तर चालू राहील. ऐकायला किती वाजवी वाटतं! पण दाखवायचं कुणी? मोजायची साधनं आणि पैसे एकाच बाजूला होते.

आणि त्यांच्या मोजण्यातच गडबड होती. त्यांनी एथिल हाताळणारे कामगार तपासले आणि तुलनेसाठी न हाताळणारे कामगार घेतले. पण तेही त्याच कारखान्यातले. दोघांच्याही शरीरात शिसं सापडलं. पुढे त्यांनी मेक्सिकोतल्या एका आडगावातले शेतकरी तपासले. त्यांच्यातही शिसं सापडलं. (त्यांच्या जेवणाच्या भांड्यांतच शिसं होतं.) कीहोंनी निष्कर्ष काढला की शरीरात शिसं असणं नैसर्गिकच आहे, शरीर ते येतं तसं बाहेर टाकतं, आणि रक्तात १०० मिलिलिटरला ८० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर काळजी नाही.

आता माझी एक गोष्ट. मागे मी एका टीममध्ये होतो. सर्व्हरच्या मेमरीचा अलार्म कधी वाजावा हे आम्ही मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीवरून ठरवलं होतं. डॅशबोर्ड कायम हिरवागार. मग ऐन सणाच्या गर्दीत एका रात्री सगळे सर्व्हर एकामागून एक पडले. सकाळपर्यंत शोधल्यावर कळलं की मेमरी लीक त्या तीन महिन्यांच्याही आधीपासून होता. आमचं 'नॉर्मल' लीकसकट मोजलेलं होतं. त्या रात्री अलार्म बिघडला नव्हता. तो आम्ही सांगितलं तसंच वागत होता.

कीहोंचं हेच झालं. फरक एवढाच की आमच्याकडे फार तर काही ऑर्डरी गेल्या.

पृथ्वीचं वय काढायला गेलेला माणूस

ही चूक ज्याने पकडली त्याचा पेट्रोलशी काडीचा संबंध नव्हता. क्लेअर पॅटरसन. आयोवा राज्यातला माणूस. १९४८ च्या सुमारास शिकागोला पीएचडी करत होता. त्याला काम मिळालं होतं पृथ्वीचं वय काढण्याचं. युरेनियम हळूहळू क्षय पावत शेवटी शिसं बनतं, आणि किती वेळात किती ते माहीत आहे. तेव्हा अगदी जुन्या दगडातलं शिसं नीट मोजलं की वय निघतं.

सोबतचा विद्यार्थी युरेनियम मोजत होता, त्याचे आकडे नीट येत होते. पॅटरसनचे शिशाचे आकडे मात्र दर वेळी भलतेच जास्त, आणि प्रत्येक वेळी वेगळे. दगडात असूच शकत नाही इतकं शिसं. ते येत होतं बाहेरून: हवेतून, धुळीतून, नळाच्या पाण्यातून, काचेच्या भांड्यांतून, त्याच्या स्वतःच्या केसांतून आणि कपड्यांतून.

आपण असतो तर आकडे ओढूनताणून बसवले असते. पॅटरसनने कित्येक वर्षं फक्त साफसफाई केली. १९५२ मध्ये तो कॅलिफोर्नियाला कॅलटेकमध्ये गेला आणि तिथे त्याने एक वेडी प्रयोगशाळा उभी केली. हवा गाळून आत घ्यायची, आतला दाब जास्त ठेवायचा म्हणजे बाहेरची धूळ शिरणार नाही, आम्लं स्वतः शुद्ध करून घ्यायची, जमीन पुनःपुन्हा पुसायची. आज चिप बनवणाऱ्या कारखान्यांत जी 'क्लीन रूम' असते, तसा हा प्रकार. १९५३ मध्ये ॲरिझोनाच्या कॅनियन डायब्लो इथे पडलेल्या उल्केतलं शिसं मोजून त्याने उत्तर काढलं: सुमारे ४५५ कोटी वर्षं. १९५६ मध्ये ते पक्कं करून प्रसिद्ध केलं. आजही आकडा जवळपास तोच आहे.

इथे थांबला असता तरी पाठ्यपुस्तकात नाव राहिलं असतं. पण त्याच्या डोक्यातून ती घाण जाईना. इतकं शिसं आलं कुठून?

त्याने समुद्राचं पाणी मोजलं. खोलवरच्या पाण्यापेक्षा पृष्ठभागावर शिसं कितीतरी जास्त. म्हणजे ते वरून पडतंय, आणि अलीकडेच पडायला लागलंय, अजून खाली पोचलेलं नाही. मग ग्रीनलंडचा बर्फ. बर्फाचे थर म्हणजे निसर्गाने ठेवलेल्या लॉग फाइल्सच. जुन्या थरांत शिसं जवळजवळ नाही. अलीकडच्या थरांत त्याच्या शेकडो पट. खाणी आणि भट्ट्यांनी आलेख हळूहळू चढत होताच, पण दुसऱ्या महायुद्धानंतर तो उभाच चढला.

१९६५ मध्ये त्याने लेख लिहून सरळ सांगितलं की सध्याच्या अमेरिकन माणसाच्या शरीरातलं शिसं हे नेहमीचं आहे, नैसर्गिक नाही. नैसर्गिक पातळी त्याच्या शंभरपट तरी कमी असली पाहिजे. कीहोंचा सगळा डोलारा 'नेहमीचं' आणि 'नैसर्गिक' हे दोन शब्द एकच आहेत असं धरून उभा होता. पॅटरसनने ते दोन शब्द वेगळे केले.

परिणाम काय झाला? तेल उद्योगाकडून मिळणारा त्याचा निधी बंद झाला. सरकारी आरोग्य खात्याचं कंत्राटही गेलं. १९६६ मध्ये सिनेटच्या समितीसमोर दोघांच्याही साक्षी झाल्या. १९७१ मध्ये विज्ञान अकादमीने हवेतल्या शिशावर तज्ज्ञांची समिती नेमली, तेव्हा त्यात पॅटरसनला घेतलं नाही. शिसं मोजण्यात जगात त्याच्या तोडीचा माणूस नसताना.

बंद कसं झालं

चांगुलपणाने झालं असं म्हणायला आवडलं असतं. पण पहिला धक्का दिला तो प्लॅटिनमने. धुराचे नियम कडक झाले म्हणून १९७५ च्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि शिसं त्यातल्या प्लॅटिनमला निकामी करतं. म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं. मुलांच्या मेंदूसाठी जे पन्नास वर्षांत झालं नाही ते मोटारीच्या एका पार्टसाठी झालं.

मग पुरावे येत गेले. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या शाळकरी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातांत जास्त, त्यांचा बुद्ध्यांक आणि लक्ष कमी, आणि यातल्या कुणालाही बाधेची लक्षणं नव्हती. शिवाय १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं तसं अमेरिकन लोकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी उतरलं. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले तर वेगळे ओळखू येऊ नयेत असे. शरीर येतं तसं बाहेर टाकतं वगैरे सगळं त्या आलेखात संपलं. कीहोंची मर्यादा ८० होती. आज अमेरिकेत लहान मुलाच्या रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम दिसलं तरी घरी चौकशी करतात, आणि निर्धोक अशी पातळीच माहीत नाही असं डॉक्टर सांगतात.

अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी संपूर्ण बंदी १ जानेवारी १९९६ ला आली. पॅटरसन डिसेंबर १९९५ मध्ये गेला. काही आठवडे कमी पडले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे जुलै २०२१ मध्ये विक्री थांबली. (छोट्या पिस्टन विमानांच्या इंधनात अजूनही टेट्राएथिल लेड असतं.)

आणि आपल्याकडे? एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं. देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. त्याच सुमारास बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह मोठ्या शहरांतल्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांत १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं निघालं होतं.

मी १९९७ चा, पुण्याचा. आमच्या अल्बममध्ये एक फोटो आहे: बाबांची स्कूटर आणि पुढे हँडल धरून उभा असलेला अडीच वर्षांचा मी. रोज संध्याकाळी बाबा मला असं फिरवून आणायचे. माझं नाक बरोबर पुढच्या रिक्षाच्या सायलेन्सरच्या उंचीला. तो फोटो माझा आवडता आहे, आणि हे सगळं वाचल्यापासून तो बघताना आधी हिशोब सुरू होतो. माझ्या रक्तात तेव्हा किती होतं? कुणी मोजलं नाही. असतं कमी तर मी जास्त हुशार झालो असतो का, परवाचा तो बग दोन तास आधी सापडला असता का, हे कळायला काही मार्ग नाही. माझ्या पिढीचा लीक नसलेला डेटाच उपलब्ध नाही. सगळ्यांचंच थोडं थोडं गेलं असेल तर 'थोडं कमी' हेच नॉर्मल दिसणार.

बाबांना परवा फोनवर हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "अरे, पंपावर तर सगळेच तेच भरायचे." खरंच आहे ते. त्यांचं काय चुकलं? नावात शिसं नव्हतं, वासात नव्हतं, आणि डॅशबोर्ड हिरवा होता.

रविवारी ताईकडून निघताना भाचीने पुन्हा अडवलं होतं. "मामा, म्हणजे पेन्सिल खाल्ली तर चालेल?"

तिला म्हटलं, आतलं चालेल एक वेळ, पण वरचा रंग कसला आहे ते मला माहीत नाही. तेव्हा काढ तोंडातून.